न बसवलेले आठ टायर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या रुग्णवाहतूक सेवेच्या कार्यकारी समितीचे सर्व सदस्य, आज कामातून वेळ काढून प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या डायलिसिस केंद्राच्या मुख्य डॉक्टरबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले गॅरेजप्रमुख, त्यांच्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या वहिनी, पाचही गाड्यांचे चालक, कार्यालयातले माझे सहकारी, आणि पुढच्या दोन रांगांतले आमचे प्रवासी, जे नसते तर आमच्यापैकी कुणालाच इथे काम नसतं, अशा आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. कार्यालयप्रमुख बोलायला उभी राहिली की लोक घड्याळाकडे बघतात, हे मला ठाऊक आहे. मागच्या रांगेतले दोन चालक आत्ताच बघताहेत. बघा, हरकत नाही. पण आज मी आकडेवारी वाचणार नाही. किती वर्षं सेवा, किती गाड्यांची इंजिनं उघडली, किती किलोमीटर, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून झालं आहे आणि त्यांनी ते माझ्याच टेबलावरून नेलं होतं. मी बोलणार आहे टायरांबद्दल. निरोपाच्या कार्यक्रमात टायर कुठून आले, असं वहिनींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय. वहिनी, घरी तीस वर्षं तेच ऐकलंत ना? आजच्या दिवस अजून एकदा ऐका.

गॅरेजप्रमुख हे यांचं कागदावरचं पद. बोलताना आपण सगळेच त्यांना वैद्यबुवा म्हणतो. रोज सकाळी गाड्या निघायच्या आधी हे प्रत्येक गाडीभोवती फिरणार, वाकून एकेका टायरवर तळहात ठेवणार, डोळे अर्धवट मिटणार आणि मगच चालकाला ‘जा’ म्हणणार. नाडी बघितल्यासारखं. मी नवीन आले तेव्हा मला हा सगळा देखावा वाटला होता. हवा मोजायला यंत्र आहे, तळहात कशाला? एकदा मी विचारलंही. ते म्हणाले, यंत्र हवा सांगतं, हात बाकीचं सांगतो. मी मनात म्हटलं, झालं, आता हे तत्त्वज्ञान ऐकत नोकरी करायची.

अध्यक्ष महोदय, आपल्याला आठवत असेल, मी आले तेव्हा संस्थेची अवस्था काय होती. समितीत एकच विषय चालायचा, चार नंबरची गाडी बंद करायची की नाही. ती गाडी सगळ्यांत लांबच्या वस्त्यांतून फिरते, इंधन जास्त खाते, आणि तिच्यात माणसं मोजून सहा. कागदावर ती गाडी न परवडणारीच होती. पण त्या सहा जणांना आठवड्यातून तीनदा केंद्रावर न्यायला दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरबाई इथे आहेत, एक फेरी चुकली तर काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला सांगता येणार? समितीने मला सांगितलं होतं की वर्षअखेरपर्यंत वाहनखर्च आटोक्यात दिसला तर चार नंबर राहील, नाहीतर विकायची. आणि नेमक्या त्याच वर्षी तीन गाड्यांचे टायर बदलायला आले.

म्हणजे बारा टायर. निदान माझ्या तक्त्याप्रमाणे बारा. मंजूर रकमेत चांगले टायर आले असते जेमतेम दहा. मी आठ दिवस फोन फिरवत होते. आणि मग मला एक दुकान सापडलं. मालक वय झाल्यामुळे दुकान बंद करत होते, उरलेला माल जवळजवळ निम्म्या भावात काढत होते. मी स्वतः गेले. काय ते टायर! काळेभोर, चकचकीत, अंगावर रबराचे बारीक केस तसेच, प्रत्येकावर कंपनीचा कागद चिकटवलेला. मी त्यातल्या एकावर बोटही फिरवलं, म्हणजे आपल्याला कळतं असं दुकानदाराला वाटावं. बाराच्या बारा घेतले. कुणाला विचारलं नाही. वैद्यबुवांना तर मुळीच नाही, कारण मला त्यांना चकित करायचं होतं.

चकित ते झालेच. टेम्पोतून टायर उतरले तेव्हा चालक मंडळी गोळा झाली होती, मी कमरेवर हात ठेवून उभी होते, नवीन घराची किल्ली दाखवावी तशी. वैद्यबुवांनी खिशातलं फडकं काढलं, एका टायरची बाजू पुसली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून काहीतरी वाचलं. मग दुसरा पुसला. तिसरा. चौथ्याला ते उठले आणि म्हणाले, मॅडम, चहा घ्यायला चला. सगळ्यांसमोर एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मला त्याचा रागच आला, मला वाटलं कौतुक करायला यांच्या जिवावर येतंय.

आत कॅन्टीनमध्ये बसल्यावर त्यांनी मला सांगितलं ते मी तुम्हालाही सांगते, घरी गाडी असेल तर उपयोगी पडेल. टायरच्या बाजूला एका छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर कधी जन्माला आला ते त्यात लिहिलेलं असतं. आमचे टायर सात वर्षांचे होते. दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याखाली, सात उन्हाळे त्यांनी काढले होते, आणि ती चकाकी वरून चोळलेल्या पॉलिशची होती.

मी म्हटलं, पण वापरलेले तर नाहीत ना? नवीनच आहेत.

तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, हे नवीन नाहीत. नुसते न वापरलेले आहेत.”

आता इथे मी खरं सांगायला हवं. ते बरोबर बोलताहेत हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण ते टायर माझ्या सहीने आले होते. समितीपुढे मी काय सांगणार होते? चार नंबर वाचवायला निघाले आणि जुना माल घेऊन आले? मग मी माणसं करतात तेच केलं, आवाज चढवला. म्हटलं, दुकानदार फसवणारा माणूस नाही, तुम्ही उगाच शंका काढता, आणि बचत करायची की नाही हे गॅरेज ठरवणार नाही. ते म्हणाले, बसवणार नाही. मी म्हटलं, लेखी देते. त्याच दुपारी मी लेखी आदेश काढला, बारा टायर तात्काळ बसवावेत. त्यांनी तो शांतपणे वाचला, खाली ‘वाचला’ असं लिहून सही केली, प्रत खिशात ठेवली आणि जाऊन एक नंबरच्या गाडीचं ऑइल बदलायला बसले. टायर मात्र त्यांनी आतल्या खोलीत उन्हापासून लांब, एकावर एक न रचता, ओळीने उभे करून ठेवले. वरचे कागद तसेच. पावती माझ्या टेबलावरून मागून नेली आणि फळीवर डब्यात ठेवली. मला वाटलं, मला टोमणा मारायला माझ्या टायरांचं संग्रहालय केलंय.

मग मी काय केलं, हे तुमच्यापैकी चौघांनाच माहीत आहे. सुटीच्या दिवशी गॅरेज बंद असताना मी चार नंबरच्या चालकाला बोलावलं, त्या बारांपैकी चार टायर गाडीत घातले आणि बाहेरच्या दुकानात ते बसवून घेतले. खर्च स्वतःच्या पर्समधून केला. चालक बिचारा नको नको म्हणत होता, माझा हुद्दा मध्ये आला. आणि दुसऱ्या दिवशी, या टायरांना काही होत नाही हे वैद्यबुवांना दाखवायला, मी स्वतः त्या गाडीत बसून फेरीला गेले. सकाळी ते तळहात ठेवायला आले तेव्हा त्यांना कळलंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चालकाकडे बघितलं; टायर परत बदलत बसले असते तर सहा जणांची फेरी चुकली असती. त्याला म्हणाले, चाळीसच्या वर नेऊ नकोस, आणि काही वेगळं ऐकू आलं तर ब्रेक दाबू नकोस, गाडी आपली आपण थांबू दे. आणि मला म्हणाले, पोचलात की फोन करा.

जाताना काही झालं नाही. मी केंद्रावरून ऐटीत फोन केला. परतीच्या वाटेवर दोघं त्यांच्या वस्तीवर उतरले, गाडीत चौघं प्रवासी उरले. केंद्रावरून निघालेली माणसं कशी असतात ते इथे सांगायला नको, चार-पाच तास यंत्राला जोडलेलं शरीर, बोलायचंही त्राण नाही. माझ्या शेजारी आपल्या निवृत्त बाई होत्या, शाळेतल्या, आज पुढे बसल्या आहेत. मागे टेलरकाका डोळे मिटून खिडकीला टेकले होते. दुपारचं ऊन चढलेलं, रस्ता तापलेला. आणि मागून धप, धप असा आवाज यायला लागला. मग गाडी थरथरायला लागली, मग सगळी गाडी एका बाजूला ओढायला लागली. समोरून ट्रक येत होता. चालकाने ब्रेक दाबला नाही. नुसतं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि गाडी हळूहळू, फार हळू, कडेच्या मातीत जाऊन थांबली. तो ट्रक हॉर्न वाजवत शेजारून गेला. माझा हात बाईंच्या हातात होता, तो कधी गेला मला माहीत नाही.

उतरून बघितलं. मागच्या टायरची वरची पट्टी फळाची साल निघावी तशी सुटून लोंबत होती. बाकीच्या तिन्हींना बाजूने भेगा दिसत होत्या, ज्या मला दुकानात दिसल्या नव्हत्या. मी तिथेच दगडावर बसले. बाई काचेतून मला म्हणाल्या, अगं, रडू नकोस, आम्ही आहोत ना सगळे. बघा, त्या यंत्रावरून उठून आलेल्या आणि मला धीर देत होत्या.

फोन केला तसे वैद्यबुवा दोन नंबरची गाडी तिच्या चालकासह घेऊन आले, मागे चार जुनी चाकं टाकून. मला वाटलं आता सगळ्यांसमोर ऐकायला लागणार, आणि खरं सांगते, ऐकायची माझी तयारी होती. पण त्यांनी आधी चौघांना दुसऱ्या गाडीत बसवलं, टेलरकाकांच्या पाठीमागे उशी दिली, पाणी दिलं, गाडी रवाना केली. मग चाकं बदलली. मग हात पुसत माझ्याजवळ आले आणि एवढंच म्हणाले, “सगळे घरी पोचतील. आता उरलेले आठ आहेत, त्यांचं बघू.”

आठ! मी विसरूनच गेले होते. ते आठ आतल्या खोलीत ओळीने उभे होते, कागदासकट, पावतीसकट. माझ्या लेखी आदेशाप्रमाणे ते बसवले असते तर त्यांचं भंगार झालं असतं, आणि दुसऱ्या दोन गाड्यांमध्ये कोण बसलं असतं ते मला आजही मनात आणवत नाही. त्यांनी आदेश मोडला म्हणून ते आठ परत करता आले. संध्याकाळी आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. मी भांडणाच्या तयारीत गेले होते, वाक्यं जुळवत होते. वैद्यबुवांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी दुकानदारांच्या हातात फडकं दिलं आणि म्हणाले, आजोबा, जरा पुसून तुम्हीच वाचा. आजोबांनी वाचलं. त्यांनी तो माल कुणाकडून तरी एकगठ्ठा घेतला होता, आकडे कधी बघितलेच नव्हते. मग आठांचे पैसे काढून दिले. चारांचे मागायला वैद्यबुवांनी मला डोळ्यांनीच नको म्हटलं.

आणि मग सुरू झालं माझं शिक्षण. पहिलं हे की बारा टायर लागणारच नव्हते. तक्त्यात इतके किलोमीटर झाले की टायर बदला असं लिहिलं होतं, म्हणून मी बारा म्हणत होते. वैद्यबुवांनी प्रत्येक टायरची नक्षी किती खोल उरली ते मोजलं. पाच टायर अजून वर्षभर चालण्यासारखे होते. उरलेले सात झिजले होते ते आतल्या एकाच कडेने, म्हणजे दोष टायरांचा नव्हता, चाकं वाकडी धावत होती. आधी चाकांची अलाइनमेंट, मग टायर. नाहीतर कितीही महागाचे घाला, गाडी ते खाणारच. मला वाटलं, आपण किती वर्षं गाडीला चारा घालत होतो कोण जाणे.

मग तीन दुकानं फिरलो. त्यांचे प्रश्न ठरलेले. टायर कधीचा आहे, स्वतः वाचून घ्यायचा. सांगितलेल्या भावात बसवणं, तोल साधणं आणि नवीन व्हॉल्व्ह आहे का, कारण एक दुकानदार स्वस्त सांगून ते सगळं नंतर वेगळं लावत होता आणि शेवटी तोच महाग पडत होता. आणि दोष निघाला तर काय, हे बिलावर लिहून घ्यायचं. एका दुकानात विक्रेत्याने फार भारी टायर दाखवला, ताशी अमुक वेगाला चालतो म्हणे. वैद्यबुवा म्हणाले, आमच्या गाडीत पाठीला उशी घेतलेली माणसं बसतात, शर्यतीत जायचं नाही, ओल्या रस्त्यावर धरून राहील असा दाखवा. सगळ्यांत स्वस्त नको, सगळ्यांत महाग नको. मधला, ताजा, दोन वेळा हात फिरवून बघितलेला. सात टायर, तीन गाड्यांची अलाइनमेंट, आणि माझे वाया गेलेले चार धरूनही खर्च मंजूर रकमेच्या आत बसला. त्या दिवशी दुकानाबाहेर आम्ही चहा प्यायलो. महिनाभरात पहिल्यांदा मला चहाची चव कळली.

मंडळी, इथवर ऐकून तुम्हाला वाटत असेल की गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण मग समितीची बैठक आली.

अध्यक्ष महोदय, त्या बैठकीत आपण नोंदवही बघून प्रश्न विचारला होता. बारा आले, आठ परत गेले, मग चार कुठे? प्रश्न अगदी योग्य होता. मी सांगायला उभी राहिले. माझं उत्तर तयार होतं, राजीनामाही पर्समध्ये होता. पण माहिती द्यायला बोलावलेले वैद्यबुवा दाराशी उभे होते, ते माझ्याआधी बोलले. म्हणाले, “बसवताना माझ्या हातून कडा फाटल्या, साहेब. चारही.”

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एका टायरची कड फाडली नाही, त्याने चार फाडल्या म्हणून सांगितलं, आणि समितीने ते लिहून घेतलं. सगळ्या चालकांना माहीत होतं हे अशक्य आहे. ते गप्प बसले. आणि मीही गप्प बसले. त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, कामात निष्काळजीपणा. त्या वर्षीची त्यांची पगारवाढ रोखली गेली. चार नंबरची गाडी मात्र राहिली.

बैठकीनंतर मी जिन्यात त्यांना गाठलं. चिडून विचारलं, हे काय केलंत? ते म्हणाले, समितीला गाडी काढायला निमित्त हवं होतं, कार्यालयप्रमुखच चुकल्या म्हटल्यावर ते मिळालं असतं. मिस्त्री चुकला तर फक्त मिस्त्रीला शेरा मिळतो. मी म्हटलं, मी उद्या जाऊन खरं सांगते. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “तुम्हाला काढलं तर पुढच्या वेळी नवीन माणसाला परत पहिल्यापासून शिकवायचं कुणी?”

हसण्यावारी नेलं त्यांनी. मीही नेऊ दिलं, कारण ते सोयीचं होतं. यंदा नाही पुढच्या वर्षी, गाडीचं पक्कं झालं की सांगू, असं म्हणत तीन वर्षं गेली. गाडीचं पक्कं होऊनही दीड वर्ष झालं. पुढे बसलेल्या बाई मला भेटल्या की तब्येतीचं नंतर, आधी हेच विचारायच्या, सांगितलंस का? बाई, आज सांगितलं. बरोबर शिक्षिकेसारखं मान हलवताय, त्यानेच मला बरं वाटतंय.

आणि काल काय झालं? आमच्या टंकलेखनिक मुलीने मानपत्राचा मसुदा आणला. आपल्याकडच्या मानपत्रात एक ठरलेलं वाक्य असतं, ‘निष्कलंक सेवेबद्दल’. ती मुलगी नियमाची पक्की. ती म्हणाली, मॅडम, यांच्या पुस्तकात शेरा आहे, मग निष्कलंक हा शब्द काढू ना? तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी शब्द काढू दिला नाही. आणि रात्री घरी बसून समितीला सगळं लिहून काढलं, आदेशाची प्रत, बाहेरच्या दुकानाची पावती, सगळं जोडलं. ते पत्र आत्ता अध्यक्ष महोदयांपुढे, पाण्याच्या ग्लासाखाली आहे. गाडीवर आता गदा नाही. माझ्यावर जे यायचं ते येवो. तीन वर्षांनी काल मला झोप लागली, हे मी वहिनींसमोर सांगते, कारण त्या वर्षीची अडलेली वाढ त्यांच्या घरातून गेली होती.

वैद्यबुवा, तुम्ही मान खाली घालून बसला आहात. घालू नका. आता तुम्ही बोलायला उठलात तरी मी तुम्हाला मध्ये बोलू देणार नाही, एकदा दिलं होतं तेवढं पुरे.

अध्यक्ष महोदय, डॉक्टरबाई, समितीचे सदस्य, आपण माझं एवढं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. कार्यक्रम उभा करणाऱ्या सहकाऱ्यांचे, गाड्या वेळेवर आणणाऱ्या चालकांचे आणि त्रास सोसून आलेल्या आमच्या प्रवाशांचे आभार. दहा मिनिटांची वीस झाली, बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे शब्द वेडावाकडा गेला असेल, तर ते आपण मोठ्या मनाने माफ करावं. त्या चार टायरांची चूक मात्र माफ करू नका. ती माझ्या नावावर लिहा, त्यांच्या पुस्तकातला शेरा खोडा, आणि मगच हे मानपत्र त्यांच्या हातात द्या.